अडलेला शब्द

संपादकांनी ते कार्ड त्याच्या टेबलावर ठेवलं, बोटानं थोडं पुढे सरकवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "हा शब्द मी दुसऱ्या कुणाला देऊ का?" विचारण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. शब्दकोशाच्या या कचेरीत त्याचे केस पांढरे झाले, खुर्चीच्या पाठीला त्याच्या पाठीचा आकार आला, पण हातातला शब्द काढून घ्यायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. उलट इतरांच्या हातून निसटलेले शब्दच फिरत फिरत त्याच्याकडे यायचे, जसे गल्लीतले हट्टी ताप एकाच डॉक्टरकडे जातात. कार्डावर वर ठळक अक्षरांत 'आक्रमण' लिहिलेलं होतं. खाली अर्थाची जागा लिहून खोडलेली, पुन्हा लिहून पुन्हा खोडलेली. शाईनं कागद मऊ पडला होता. अ पासून औ पर्यंतचा पहिला खंड छापखान्यात जायला तयार होता. मागचे शब्द गेले, पुढचे गेले, हा एकटा दाराशी अडून बसला होता. तो म्हणाला, माझ्याकडेच राहू द्या. संपादकांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या मनात काय आहे ते त्याला कळत होतं: घरी इतकं होऊन गेलंय, याला आता हलकी कामं द्यावीत. पण ते तसं बोलले नाहीत. शनिवारपर्यंत बघा, म्हणाले, आणि जाता जाता थांबून म्हणाले, आधी कुणाला तरी ऐकवा, नुसते लिहीत बसू नका. ऐकवा, हा शब्द त्याला लागला. कुणाला, असं विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं.

ऐकवायची पद्धत कचेरीचीच होती, जुन्या संपादकांनी घालून दिलेली. अर्थ लिहून झाला की तो कचेरीबाहेरच्या एका माणसाला वाचून दाखवायचा, मूळ शब्द झाकून. ऐकणाऱ्यानं शब्द ओळखला तर अर्थ पास. नाही ओळखला तर चूक ऐकणाऱ्याची नाही, लिहिणाऱ्याची. त्यावर वाद नाही. कुणी न्हाव्याला गाठायचं, कुणी सासऱ्याला. एक जण तर बसथांब्यावर अनोळखी माणसांना धरायचा आणि एकदा मार खाता खाता वाचला होता. त्याला स्वतःला हा त्रास कधी पडला नाही. त्याच्या घरातच कान होता. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या नाकावर ती जड चौकट बसवायची, तिच्यात भिंग घालायची, काढायची, दुसरं घालायची आणि विचारायची, आता स्पष्ट, की आधीचं बरं होतं? घरी आली तरी तोंडात तेच. आमटीत मीठ घालून चमचा त्याच्यापुढे धरायची, आता बरं, की आधीचं? नवी चादर घालून पलंगापाशी उभी राहायची, आता, की आधी? लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात एकदा त्यानं चिडून म्हटलं होतं, नवऱ्याबद्दलपण असंच विचारतेस का मैत्रिणींना. ती म्हणाली होती, आधीचं काही बघितलंच नाही, तर तुलना कशी करणार. आणि मग त्याचं नाक चिमटीत धरून हसली होती. चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणायची आणि दार लावलं की 'अरे'. दाराच्या कडीचा आवाज आणि तो 'अरे' या दोन गोष्टी त्याच्या कानात इतक्या जोडल्या गेल्या होत्या, की अजूनही कडी लागली की तो क्षणभर थांबे.

संध्याकाळी ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली की तो खिशातून कार्डं काढायचा. अर्थ वाचायचा. तिचे हात चालूच असायचे. 'उपयोगात नसलेल्या वस्तूंचा पसारा.' अडगळ, ती म्हणायची, आणि तुझं कपाट. 'काम करण्याची इच्छा नसणे.' हा तर तू. पुढचा घे. एकदा त्यानं वाचलं, 'रागामुळे एखाद्याशी बोलणे बंद ठेवणे.' ती गप्प राहिली. त्यानं पुन्हा वाचलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. त्याला वाटलं, अर्थ फसला. त्यानं खोडून दुसरा लिहिला, तो वाचला, तरी ती गप्प. पानं वाढली, तरी गप्प. हात धुताना मग ती हळूच म्हणाली, "अबोला. मघाशीच पास झाला होतास." आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. पाठ थोपटताना तोही हसत होता आणि मनात म्हणत होता, की ही बाई कोशात घालण्यासारखी आहे. 'स्वारी' या शब्दाखाली जुन्या आवृत्तीत फक्त घोडे आणि फौजा होत्या. तिथे पुढच्या खंडासाठी 'नवरा, थट्टेने' हा अर्थ त्यानं आधीच घालून ठेवला तो तिच्यामुळेच. तो दारात दिसला की ती शेजारणीला सांगायची, आली आमची स्वारी, आणि स्वारी बिचारी हातात कोबी घेऊन उभी असायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर ती गेली. त्याला यावर फार बोलता येत नसे. लोक भेटायला आले तेव्हा त्यानं सगळ्यांना एकच सांगितलं, की फार त्रास झाला नाही. तेही खरं नव्हतं, पण विचारणाऱ्याला तेवढंच हवं असतं. आता घरात तिचा चष्म्याचा डबा होता, तिचं स्वेटर होतं, दाराच्या आत तिच्या चपलांची जागा होती, आणि सगळ्याच्या वर हा शब्द होता. कारण हा शब्द तिच्याकडून पास झाला नव्हता. हजारो शब्द तिच्या कानांवरून गेले आणि शेवटी दोघांमध्ये जो राहिला तो नापास झालेला. इतर कुणाला हे सांगितलं असतं तर वेडगळपणा वाटला असता. माणूस जातं तेव्हा मागे राहिलेल्याला एक शेवटचं बोलणं मिळतं; कुणाला 'सांभाळ' मिळतं, कुणाला 'जेवलास का'. त्याला मिळालं होतं ते न बोललेलं 'नाही जमलं'.

पहिल्यांदा वाचला तेव्हा ती घरीच होती, आजार नुकता कळला होता. ती त्याच्या सदऱ्याला बटण लावत होती. त्यानं वाचलं, 'सैन्याने दुसऱ्याच्या प्रदेशात, त्याच्या मर्जीविरुद्ध, शस्त्राच्या बळावर शिरणे.' तिची सुई थांबली. तो वाट पाहत राहिला. अबोल्याची आठवण होऊन त्याला थोडं हसूही आलं. पण तिचा चेहरा थट्टेचा नव्हता. तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, दुसरा घे. तिच्या तोंडून नापासाचा असा निकाल त्यानं कधी ऐकला नव्हता. एरवी ती सरळ 'नाही कळलं' म्हणायची. त्याला वाटलं, आजारपणामुळे मन मऊ झालंय, मला दुखवायचं नाही तिला. त्यानं अर्थ बदलला. 'ताबा मिळवण्याच्या हेतूने' घातलं. आठवड्यानं चहाच्या वेळी वाचला. ती म्हणाली, आज नको. मग दवाखान्यात. दुपारची वेळ होती, खिडकीबाहेर कुणीतरी शिडीवर उभं राहून भिंत रंगवत होतं, ब्रशचा एकसारखा आवाज येत होता. 'सीमा ओलांडून' घातलेला तिसरा अर्थ त्यानं तिच्या कानाशी वाचला. वाचण्यात तिला बरं वाटावं हाच हेतू होता, रोजच्यासारखं काहीतरी. ती छताकडे बघत राहिली. त्याला तो गप्पपणा सोसवेना. तो हसून म्हणाला, अगं सोपा आहे, सांगू का, आणि शब्दाचं पहिलं अक्षर त्याच्या तोंडातून निघतंय तोच तिनं हात उचलला आणि तळवा त्याच्या ओठांवर ठेवला. हाताला सुईची पट्टी चिकटवलेली होती, औषधाचा वास होता. किती तरी वेळ तिनं तो हात काढला नाही. सांगू नको, असा त्यानं अर्थ घेतला. नियम म्हणजे नियम. ऐकणाऱ्याला शब्द आपण सांगायचा नसतो. मरणाच्या दारातही ही बाई फसवाफसवी करू देत नाही, असं त्याला वाटलं, आणि अभिमानही वाटला. त्यानंतर ती नीट बोलली नाही. बोलण्यासारखी राहिलीच नाही.

म्हणून तो हा शब्द सोडत नव्हता. तिला अर्थात काहीतरी कमी दिसलं होतं, आणि ते काय ते शोधून काढायचं, एवढंच त्याच्या हातात होतं. भिंग बदलत राहायचं. त्यानं या शब्दाचे सगळे शेजारी तपासले. धाड पडते आणि निघून जाते, रात्रीत येऊन सकाळी नाही. चढाई उंचावर करायची असते, निदान मनात तरी. मोहीम नेहमी आपली असते. दुसऱ्याच्या फौजेला कुणी मोहीम म्हणत नाही. परचक्र हा शब्द जुना, आजोबांच्या तोंडचा, वादळासारखा अंगावर येणारा, त्यात करणारा कुणी दिसतच नाही. आणि आक्रमण? वापराचे दाखले ढिगानं होते. इतिहासाच्या पुस्तकांत राजे करायचे. वर्तमानपत्रांत मुंग्या करायच्या, तण करायचं, परदेशी कपडे करायचे. एका बाईनं तर पाहुण्यांबद्दल लिहिलं होतं. शिरणारा मोठा असो की छोटा, वाक्याच्या सुरुवातीला तोच. ज्याच्या घरात शिरला तो वाक्याच्या मध्ये कुठेतरी 'वर' लावून पडलेला. एखादे दिवशी त्याला वाटे, हेच तर तिला खटकलं नसेल? मग तो अर्थ उलटा करून लिही, आणि तो इतका वाकडा होई की स्वतःलाच ओळखता येत नसे. आता चौथी खेप झाली होती, साडेतीन ओळींची, एखाद्या तहनाम्यासारखी.

तो दिवस कार्ड खिशात घालून संपला. घरी आला तर कुलूप नव्हतं आणि आतून भांड्यांचा आवाज येत होता. धाकटी आली होती. धाकटी म्हणजे बायकोची बहीण. नाव तिला चांगलं होतं, पण घरात कुणी घेत नसे. ताई गेल्यापासून ती अधूनमधून न कळवता पिशवी घेऊन यायची, तीनचार दिवस राहायची आणि घर हलवून जायची. साखरेच्या जागी मीठ, मिठाच्या जागी चहा. तो कुरकुरला की म्हणायची, भाऊजी, ताई डावखुरी होती, तिची मांडणी तुमच्या काय कामाची. ती गेल्यावर तो सगळं पुन्हा होतं तसं लावायचा. ती पुन्हा यायची. दोघांचं असं चाललं होतं, कुणी हार मानत नव्हतं. धाकटीचं तोंड म्हणजे सोडलेला नळ. बसमधल्या कंडक्टरशी काय भांडण झालं, सुनेनं पडदे कसले आणले, गुडघा कुठल्या अंगानं दुखतो, हे ती एका दमात सांगायची आणि मध्येच विचारायची, ऐकताय ना? तो ऐकत नसे, पण तिचा आवाज घरात असला की बरं वाटे. आवाज ताईसारखा नव्हता. कपाळ मात्र होतं. बोलता बोलता ती वळली, दिवा बाजूनं पडला, की ते कपाळ दिसायचं आणि तो पाण्याचा पेला शोधायला लागायचा.

दुसऱ्या दिवशी कचेरीला सुट्टी होती. सकाळचं ऊन स्वयंपाकघरात टेबलापर्यंत आलं होतं. धाकटी शेंगा सोलत होती आणि तो कार्ड समोर ठेवून बसला होता. संपादकांचं 'ऐकवा' डोक्यात होतंच. धाकटीला ऐकवायचं म्हणजे बायकोच्या खुर्चीत कुणाला तरी बसवायचं, आणि तेही हिला, जी पाच मिनिटं गप्प राहू शकत नाही. रात्रीपासून तो हेच घोळवत होता. शेवटी त्यानं चोरट्यासारखं विचारलं, एक काम करशील का, आणि पद्धत समजावली. धाकटी एकदम खूश झाली. म्हणाली, ताई फोनवर सांगायची, आज तुझ्या भाऊजींना तीन वेळा नापास केलं म्हणून. मला वाटायचं हे माझ्यावर कधी येणार. तिनं शेंगा बाजूला सारल्या, हात पुसले आणि परीक्षेला बसल्यासारखी ताठ झाली. त्यानं चौथी खेप वाचली. 'एखाद्या राष्ट्राने, राज्याने अथवा संघटित सशस्त्र गटाने, दुसऱ्याच्या अधिकारातील प्रदेशात त्याच्या संमतीवाचून, ताबा वा प्रभाव प्रस्थापित करण्याच्या हेतूने केलेला प्रवेश, व त्यानंतरचा तेथील वास.' धाकटीनं भुवया उंचावल्या. थोडा विचार केला.

"भाडेकरू?"

त्यानं कार्डावरून वर पाहिलं. ती म्हणाली, नाही, ते वास म्हटलंत ना तुम्ही, म्हणून. आमच्या वरच्या मजल्यावरचा असाच आहे, संमतीवाचून बसलाय. मग म्हणाली, अतिक्रमण का? ते फुटपाथवर टपऱ्या टाकतात ते? मग, जावई? त्याला हसू आलं. किती तरी दिवसांनी आलं असावं, कारण गालाला वेगळंच वाटलं. तो म्हणाला, राहू दे, तुझी चूक नाही, अर्थच लांबलाय. हे बघ, आधी असा होता. आणि खोडलेल्या ओळींखालून त्यानं पहिला अर्थ वाचला. वाचायचं काही कारण नव्हतं. नुसतं, आता बरं की आधीचं, एवढंच मनात होतं. 'सैन्याने दुसऱ्याच्या प्रदेशात, त्याच्या मर्जीविरुद्ध, शस्त्राच्या बळावर शिरणे.'

धाकटी गप्प झाली. तिच्या बाबतीत ही गोष्ट इतकी नवी होती, की त्यानं आधी तिला काही झालं का म्हणून पाहिलं. ती शेंगांकडे बघत होती. बाहेर कुणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता, तो ऐकू येऊ लागला. त्यानं सवयीनं थोडं थांबून घेतलं. नंतर सवयीनंच पेन्सिल उचलली, कार्डाच्या कडेला फुली मारायला, आणि तेव्हा त्याला ते कपाळ दिसलं. शब्द शोधणारं माणूस कसं दिसतं हे त्यानं जन्मभर पाहिलं होतं. त्याचे डोळे वर जातात, ओठ हलतात, बोटं काहीतरी चाचपतात. हे तसं नव्हतं. हिला शोधायचं काहीच नव्हतं. शब्द हिच्याकडे होता आणि हिनं तो दातांमागे धरून ठेवला होता. सदऱ्याचा दोरा दातांत धरलेला दुसरा एक चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला आणि पेन्सिल त्याच्या हातात तशीच राहिली.

"येतो मला शब्द," धाकटी म्हणाली. "आम्ही म्हणत नाही तो."

मग ती सांगू लागली. नेहमीसारखं नाही, सावकाश, मध्ये शेंग सोलत. त्याच्या सासरची माणसं युद्धात गाव सोडून आली हे त्याला माहीत होतं, पण ते इतिहासाचं माहीत असतं तसं. बायकोला त्यानं लग्नानंतर एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, मला काही आठवत नाही, मी लहान होते. त्यानं ते मानलं आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. हे त्यानं धाकटीला सांगितलं तेव्हा ती हसली, पण कसनुशी. म्हणाली, लहान मी होते. ताई शाळेत जायची. दार तिनंच तर उघडलं. आई दुधापाशी होती, उतू जाईल म्हणून हलेना, आईनंच सांगितलं, बघ गं कोण आलंय. पाच सैनिक होते. बूट दाराबाहेर काढून आत आले, हे आई मरेपर्यंत सांगायची, बूट मात्र काढून आले हो. त्यांनी कुणाला हात लावला नाही. पुढच्या खोलीत राहिले. आमच्या चादरी घेतल्या. चौकात त्यांनी पाटी लावली होती, आपल्या लिपीत, वेलांट्या चुकलेली, की आम्ही मदतीला आलो आहोत. ते याला मदत म्हणायचे. आपली भाषा त्यांना येत नव्हती. एक शब्द तेवढा शिकवून पाठवला होता, ऐकू आला तर लक्ष ठेवा म्हणून. तुमच्या कार्डावरचा. शाळेच्या मास्तरांनी तो चौकात उभं राहून म्हटला, पाटीकडे बोट करून. मोठ्यानं नाही, आपण चूक दाखवतो ना तसा. त्यांना नेलं, ते नेलंच. त्या दिवशी आईनं आम्हाला दोघींना जवळ घेऊन सांगितलं, हा शब्द आता पोटात ठेवायचा. आणि मी ही अशी बडबडी, माझ्या पोटात काय राहणार. म्हणून ताईला काम लावून दिलं. ते घरात असले की ताई माझ्याजवळ बसायची, आणि माझ्या तोंडून 'आ' निघाला की तळहात माझ्या तोंडावर. आई म्हणायला गेले तरी हात, आत्या म्हणायला गेले तरी हात. झोपेत बरळायचे मी, तर झोपेतसुद्धा तिचा हात इथे असायचा. धाकटीनं स्वतःच्या ओठांवर बोटं ठेवून दाखवलं. "पुढे इकडे आलो, मोठ्या झालो, तरी माझी सवय गेली नाही आणि तिचीही. माझ्या लग्नात भाषण करायला उठले तर हिचा हात आपला वर."

तो कार्डाकडे बघत होता. धाकटी पुढे काय म्हणाली ते त्याला नीट ऐकू आलं नाही. त्याच्या ओठांवर एक तळवा होता, सुईची पट्टी चिकटवलेला, आणि खिडकीबाहेर ब्रश चालला होता. त्यानं स्वतः 'आ' म्हटलं होतं. पहिलं अक्षर. तिनं त्याला नियम शिकवला नव्हता. सांगू नको असंही ती म्हणत नव्हती. कुठल्या तरी पुढच्या खोलीत पाच माणसं बसली होती, आणि पलंगाशी वाकलेला तिचा हा पंडित नवरा, ज्याला कशाचीच कल्पना नाही, तो मोठ्या तोंडानं तोच शब्द काढायला निघाला होता; आणि अंगात त्राण नसताना तिनं हात उचलून त्याला वाचवलं होतं. हात किती वेळ होता ते त्याला आता कळत होतं. ते पाच जण बाहेर जाईपर्यंत होता. त्याला उठून कुठेतरी जावंसं वाटलं, पण घर एवढंसं, जाणार कुठे. तो उठला आणि उगाच चहाचं आधण ठेवलं. साखरेच्या डब्यात हात घातला तर मीठ लागलं. धाकटी मागून म्हणाली, वरच्या फळीवर, भाऊजी. तिच्या आवाजात एवढी काळजी होती, की त्याला तिच्याकडे वळून बघवेना. थोड्या वेळानं तिनं विचारलं, मी नापास का मग? तो म्हणाला, नाही गं. पास. तूपण पास. ती म्हणाली, मग ते तसंच लिहा. बरोबर आहे ते. अगदी तसंच असतं. आणि पुन्हा शेंगांकडे वळून तिनं सुनेच्या पडद्यांचं राहिलेलं सांगायला घेतलं, आणि या वेळी तो खरोखर ऐकत होता.

दुपारभर तो टेबलाशी होता. नवं कार्ड घेतलं. अर्थ पहिलाच उतरवला, शब्दाला धक्का न लावता. मग उदाहरणाची जागा राहिली. उदाहरणात मूळ शब्द आलाच पाहिजे, हा कोशाचा नियम, आणि तो मोडायचा त्याला विचार नव्हता. जुन्या आवृत्तीत होतं, 'राजाने शेजारच्या राज्यावर आक्रमण केले.' कुठला राजा, कुठलं शेजारचं, काही पत्ता नाही. शब्दकोशातले राजे असेच बिनकामाचे, आक्रमण करतात, प्रसन्न होतात, नाहीतर मरतात. त्यानं राजा खोडला. बराच वेळ पेन उघडं ठेवून बसला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांतून दाखले वेचले, स्वतःचं वाक्य घालताना त्याला लाज वाटत होती. शेवटी त्यानं लिहिलं आणि वाचून पाहिलं, मनातल्या मनात, ओठ न हलवता.

शनिवारी कचेरी उघडताच त्यानं कार्ड संपादकांपुढे ठेवलं. त्यांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. अर्थावर त्यांची नजर सहज गेली, पुढे उदाहरणावर अडली. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, "आक्रमणाच्या दिवशी त्या घराचे दार मोठ्या मुलीने उघडले." आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. आपला राजा कुठे गेला, त्यांनी विचारलं. तो म्हणाला, रजेवर. संपादक हसले नाहीत, पण कार्डही परत दिलं नाही. खिडकीशी जाऊन त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. अर्थ चांगला आहे, म्हणाले, लहान आहे, त्यात कमी-जास्त काही नाही; मग इतके महिने कशासाठी घातलेत? त्याला सांगता आलं असतं. पण ते सांगायला पुढची खोली, चादरी, मास्तर, सगळंच आणावं लागलं असतं, आणि ते त्याचं नव्हतं. त्यानं खांदे उडवले. संपादकांनी पेन काढलं. सही करण्याआधी प्रत्येक कार्डाला विचारायचा प्रश्न ते विसरत नसत. आत्ता मात्र त्यांना तो विचारावा की नाही असं झालं. पेन कार्डावर थांबलं. शेवटी त्यांनी मान वर न करता विचारलं, "कुणाला ऐकवला?"

"बायकोला."

संपादकांनी वर पाहिलं.

"ओळखला त्यांनी?"

"पहिल्याच खेपेला," तो म्हणाला.